पट्टी लावूनही कोळी का हटत नाही, आणि सातेरीला ती का लावू नये

जुन्नर तालुक्यातील एका तरुण मधपाळाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गेल्या वर्षी त्याने वीस मेलिफेरा (युरोपीय जातीच्या मधमाशीच्या) पेट्या विकत घेतल्या, हिवाळ्यात त्या राजस्थानात मोहरीवर नेल्या आणि फेब्रुवारीत परत आणून कांद्याच्या बीजोत्पादनाच्या शेतात ठेवल्या. मार्चपासून पेट्यांसमोर चुरगळलेल्या पंखांच्या माश्या जमिनीवर रांगताना दिसू लागल्या. हे कोळ्याचे, म्हणजे माशीच्या अंगावर जगणाऱ्या बारीक परजीवीचे काम असावे, असा त्याचा अंदाज आहे. पेट्या विकणाऱ्याने दिलेल्या औषधी पट्ट्या लावून आता तीन महिने झाले, तरी फरक नाही. त्याच बांधावर त्याच्या चुलत्यांच्या सातेरीच्या, म्हणजे देशी पाळीव मधमाशीच्या, चार पेट्या आहेत आणि त्यांना काहीच झालेले नाही. दुसरे कोणते औषध वापरावे, सातेरी कशी वाचली, आणि खबरदारी म्हणून सातेरीलाही पट्ट्या लावाव्यात का, असे त्याने विचारले आहे.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. सातेरीला पट्ट्या लावू नयेत. त्याचे कारण दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात आहे, आणि पहिल्या प्रश्नाचे उत्तरही बरेचसे तिथूनच निघते.

रांगणाऱ्या, पंख चुरगळलेल्या माश्या हे व्हरोआ नावाच्या कोळ्याचे आणि त्याने पसरवलेल्या पंख विकृत करणाऱ्या विषाणूचे लक्षण आहे, हा आपला अंदाज बहुधा बरोबर आहे. मात्र अंदाजावर औषध देण्याची आपल्याकडची सवय वाईट आहे. आधी मोजावे. झाकणाला बारीक जाळी बसवलेली एक लिटरची बरणी घ्यावी. जाळीतून कोळी पडावा, माशी पडू नये, इतकी तिची छिद्रे असावीत. अळ्या असलेल्या फ्रेमवरच्या माश्या, राणी त्यात नाही याची खात्री करून, अर्धा कप भरून बरणीत घ्याव्यात. अर्ध्या कपात साधारण ३०० माश्या मावतात. त्यावर दोन चमचे पिठीसाखर टाकून बरणी मिनिटभर आडवी फिरवावी, दोन मिनिटे तशीच ठेवावी आणि मग उलटी करून पाणी भरलेल्या पांढऱ्या ताटावर जोराने हलवावी. साखर पाण्यात विरघळते आणि तांबूस-तपकिरी, खेकड्यासारखे आडवे पसरलेले कोळी ताटात तरंगताना स्पष्ट दिसतात. साखरेने माखलेल्या माश्या पेटीत परत सोडता येतात. बाकीच्या माश्या त्यांना चाटूनपुसून स्वच्छ करतात. पावसाळ्यात दमट हवेने साखरेच्या गुठळ्या होतात आणि मोजणी कमी भरते. त्या दिवसांत ३०० माश्यांचा बळी देऊन स्पिरिटमध्ये धुणे अधिक भरवशाचे असते. हे करताना माझाही हात अडखळतो, पण वीस हजारांच्या वसाहतीला ३०० माश्यांची उणीव जाणवत नाही.

समजा, ताटात १२ कोळी निघाले. म्हणजे शेकडा चार. शेकडा दोन-तीनच्या वर आकडा गेला की उपाय करायचाच, असा सर्वसाधारण प्रघात आहे. वीस हजार माश्यांच्या पेटीत शेकडा चार म्हणजे माश्यांच्या अंगावर ८०० कोळी झाले. पण वसाहतीत भरपूर ब्रूड (अंडी, अळ्या आणि कोष) असते तेव्हा दोन-तृतीयांश किंवा त्याहून अधिक कोळी पोळ्यातल्या, मेणाने झाकलेल्या घरांच्या आत असतात. म्हणजे पेटीत एकूण अडीच हजारांच्या घरात कोळी आहेत आणि त्यांतले बहुतेक कोणत्याही साध्या उपायाच्या हाताला लागत नाहीत. ही गोष्ट नीट लक्षात घेतली तर पट्ट्या, धुरी, आम्ल यांच्या जाहिरातींकडे पाहण्याची आपली नजर बदलेल.

कोळ्याची मादी घर झाकले जाण्याच्या थोडे आधी आत शिरते. कामकरी अळीच्या घरात १५-२० तास आधी, नराच्या घरात त्याहून बरीच आधी. अळीच्या तळाशी असलेल्या खाद्यात ती दबून राहते. झाकण बसल्यावर सुमारे ६०-७० तासांनी ती पहिले अंडे घालते, त्यातून नर निघतो. पुढे साधारण दर ३० तासांनी एक अंडे, आणि ती सगळी मादीची. या माद्यांचे मीलन घरातल्या घरात त्यांच्या भावाशीच होते. कामकरी माशीचा कोष झाकणाखाली १२ दिवस असतो, नराचा १४-१५ दिवस, त्यामुळे नराच्या घरात जास्त कोळी वयात येतात आणि माद्याही नरांचीच घरे पसंत करतात. एखादे झाकलेले नराचे घर चिमट्याने उघडून कोष बाहेर ओढून पाहावा. पांढऱ्या कोषावर तपकिरी आई आणि तिची फिकट पिल्ले सहज दिसतात, आणि घराच्या भिंतीवर खडूचा ठिपका उमटावा तसा पांढरा डाग असतो, तो कोळ्याच्या विष्ठेचा. रिकाम्या घरांत हा डाग दिसू लागला की मोजणी न करताही प्रकरण पुढे गेल्याचे कळते.

हा कोळी माशीचे रक्त पितो, असे आम्ही कित्येक वर्षे शिकलो आणि शिकवले. २०१९मध्ये अमेरिकेतील मेरिलँड विद्यापीठात सॅम्युएल रॅमझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशीच्या चरबीच्या ऊतीला एक चमकणारा रंग आणि तिच्या रक्तद्रवाला दुसरा रंग देऊन पाहिले, तेव्हा कोळ्याच्या पोटात मुख्यत्वे चरबीच्या ऊतीचा रंग सापडला. आपल्या दृष्टीने ही बाब मोलाची आहे, कारण माशीच्या शरीरातली ही ऊती जवळपास यकृताचे काम करते: अन्नाचा साठा, रोगाशी झुंज आणि कीटकनाशकांचे विष पचवणे. कांद्याच्या बीजोत्पादनात फवारण्या होतातच. कोळ्याने पोखरलेली माशी त्याच फवारणीला निरोगी माशीपेक्षा लवकर बळी पडते, आणि मग शेतकरी व मधपाळ एकमेकांना दोष देत बसतात.

आता सातेरी कशी वाचली ते सांगतो. व्हरोआ हा मुळात सातेरीच्या कुळाचाच, म्हणजे आशियाई पाळीव मधमाशीचा परजीवी आहे. १९०४ साली ऊडमान्स यांनी जावा बेटावरील याच माशीवरून त्याचे पहिले वर्णन केले. मेलिफेरावर जगभर पसरलेला कोळी त्याहून वेगळ्या जातीचा आहे, हे २००० साली अँडरसन आणि ट्रूमन यांनी दाखवले आणि त्याला व्हरोआ डिस्ट्रक्टर हे नाव मिळाले. मेलिफेरा माशी आपल्याकडे १९६२मध्ये कांगड्यातील नगरोटा बगवाँ येथे रुजली. म्हणजे ही माशीच कोळ्यांच्या मुलखात आलेली पाहुणी आहे. सातेरीने या कोळ्यासोबत इतका काळ काढला आहे की दोघांत एक प्रकारचा करार झाल्यासारखी स्थिती आहे. कोळी तिच्या नरांच्या घरांत वाढतो, कामकरी माश्यांच्या घरांत त्याची वीण जवळजवळ होतच नाही. नर वर्षातून थोडाच काळ असतात, त्यामुळे कोळ्याची संख्या आपोआप आटोक्यात राहते.

कामकरी घरांत त्याची वीण का होत नाही, याचे उत्तर पूर्वी स्वच्छतेच्या सवयीत शोधले जाई, आणि ते खोटे नाही. १९८७मध्ये क्रिस्टीन पेंग आणि सहकाऱ्यांनी आशियाई माश्या एकमेकींच्या अंगावरचे कोळी जबड्याने पकडून काढतात व कोळी शिरलेली घरे उघडून साफ करतात, याची तपशीलवार निरीक्षणे प्रसिद्ध केली. पण २०१६मधील एका संशोधनाने त्यात अधिक चकित करणारी भर घातली. या माशीची कामकरी अळी कोळ्याच्या चाव्याने फार लवकर कोलमडते. कोळी शिरला की ती मरते, मेलेली अळी माश्या बाहेर फेकतात आणि आत शिरलेल्या कोळ्याची वीण तिथेच संपते. एका अळीचा नाजूकपणा सगळ्या वसाहतीचा बचाव करतो. मेलिफेराची अळी चिवट, ती कोळी सोसून जिवंत राहते, आणि तिच्याच अंगावर कोळ्याचे कुटुंब वाढते. नराच्या बाबतीत तर सातेरीत आणखी एक युक्ती आहे. तिच्या नराच्या घराला टणक टोपी असते आणि तिच्या मध्यावर एक छिद्र असते. अनेक कोळ्यांनी खंगलेल्या नराला ती टोपी फोडता येत नाही, तो आतच मरतो आणि कोळीही त्याच्याबरोबर गाडले जातात. चुलत्यांची पेटी उघडाल तेव्हा पोळ्याच्या कडेच्या नरघरांवर ही छिद्रे जरूर पाहावीत.

म्हणून सातेरीला पट्टी लावणे म्हणजे नसलेल्या दुखण्यावर औषध देणे होय, आणि त्याचा अंश मेणात उतरतो ते वेगळेच. सातेरीचा खरा शत्रू थाई सॅकब्रूड हा विषाणू आहे. १९७६मध्ये थायलंडमध्ये तो आढळला, १९७८च्या सुमारास ईशान्य भारतात दिसला आणि १९९१-९२मध्ये त्याने दक्षिण भारतातील बहुतेक सातेरी पेट्या रिकाम्या केल्या. त्यात अळी झाकण बसण्याच्या सुमारास मरते, डोके वर उचललेली, होडीसारखी वाकलेली. चिमट्याने उचलली तर आत पाणी भरलेली कातडीची पिशवी हाती येते. या रोगावर औषध नाही. चुलत्यांना एवढेच सांगावे की बाहेरून सातेरी विकत आणू नये, एका पेटीची फ्रेम दुसरीत घालू नये, रोग दिसलाच तर राणी तीनेक आठवडे अडवून ठेवून अळ्यांचा खंड पाडावा आणि रोगातून तगलेल्या वसाहतीपासूनच पुढे विभाजन करावे (एका पेटीच्या दोन कराव्यात). भूक, मुंग्या आणि मेणकिडा यांमुळे सातेरी पेटी सोडून उठून जाते, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगले माहीत असेल.

आता मेलिफेराकडे वळतो. आपल्या पट्ट्यांचा उपयोग का झाला नाही, याची दोन कारणे संभवतात. पहिले म्हणजे प्रतिकार. बाजारातल्या अनेक पट्ट्यांत फ्लुव्हॅलिनेट हे कोळीनाशक असते आणि त्याला न जुमानणारे कोळी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीलाच इटलीत सापडले होते. दुसरे म्हणजे तीन महिन्यांचा काळ. पट्टी सहा-आठ आठवड्यांत काढायची असते. त्यानंतर तिच्यातून झिरपणारी अल्प मात्रा कोळी मारत नाही, पण मरणार नाहीत असे कोळी मात्र निवडून ठेवते. त्याच पट्ट्या पुन्हा लावण्यात अर्थ नाही. दुसरी कोणतीही पट्टी लावली तरी लावण्यापूर्वी आणि काढल्यावर मोजणी करावी. आकडा दहाव्या हिश्शावर आला नाही, तर ती पट्टी आपल्या पेट्यांसाठी कुचकामी आहे असे समजावे, पाकिटावर काहीही छापलेले असो.

ताटात आणखी एक गोष्ट तपासावी. व्हरोआ लांबीपेक्षा रुंदीला जास्त असतो. पण त्याच फ्रेमवर मिलिमीटरपेक्षा लहान, लांबट, तुरुतुरु पळणारा तांबूस कोळी दिसला तर तो ट्रोपिलेलॅप्स होय. त्याची मूळ यजमान आग्या माशी आहे, आणि आपल्या परिसरात वडावर किंवा पाण्याच्या टाकीखाली आग्याची पोळी असतील तर तो मेलिफेरात येणे अगदी शक्य आहे. पिठीसाखरेच्या मोजणीत तो फारसा सापडत नाही, कारण तो माश्यांच्या अंगावर क्वचितच असतो. त्यासाठी ब्रूडची फ्रेम, माश्या झटकून, पांढऱ्या ताटावर दोन-चारदा आपटावी. हा कोळी व्हरोआपेक्षा झपाट्याने वाढतो, मात्र त्याची एक मोठी उणीव आपल्या पथ्यावर पडते: प्रौढ माशीच्या अंगावर त्याला खाता येत नाही, त्यामुळे अळ्यांशिवाय तो दोन-तीन दिवसही धड जगत नाही. पोलंडचे संशोधक येझी वॉयके यांनी १९८०च्या दशकात अफगाणिस्तानातील मेलिफेरा पेट्यांवर काम करून दाखवले की वसाहतीत काही दिवस अळ्या नसतील, तर रसायनाशिवायही तो आटोक्यात येतो.

यातूनच मी आपल्याला जो उपाय सुचवणार आहे तो निघतो. थंड देशांतील सल्ल्यात हिवाळ्यात ऑक्झॅलिक आम्ल देण्यास सांगितलेले असते, कारण तिथे हिवाळ्यात राणीचे अंडी घालणे थांबते आणि सगळे कोळी माश्यांच्या अंगावर उघडे पडतात. हे आम्ल झाकणाच्या आत जात नाही, म्हणून उघड्या कोळ्यांवरच त्याचा परिणाम होतो, आणि तेव्हा तो ९० टक्क्यांहून अधिक होतो. आपल्याकडे राणी बारा महिने अंडी घालते. आमचा हिवाळा तर मोहरीच्या फुलोऱ्यात जातो. म्हणजे तसा खंड आपणच पाडायला हवा, आणि त्यासाठी आता सुरू होणारा पावसाळा हाच योग्य काळ आहे. जुलैमध्ये फुलोरा नसतो, मध काढायचा नसतो, साखरपाणी द्यावेच लागते आणि राणीचे अंडी घालणेही मंदावलेले असते. या काळात तिला अडवल्याने वसाहतीचे फार नुकसान होत नाही.

तीन फ्रेमपेक्षा कमी माश्या असलेल्या पेट्या आधी एकत्र कराव्यात. उरलेल्यांतील राणी पिंजऱ्यात, आणि शक्य असेल तर एकाच फ्रेमच्या जाळीदार कप्प्यात, २४ दिवस अडवून ठेवावी. कामकरी माशी अंड्यापासून २१ दिवसांत आणि नर २४ दिवसांत बाहेर पडतो. एकफ्रेमी कप्प्यात राणीने अंडी घातलीच, तर ती फ्रेम झाकली गेल्यावर, माश्या निघण्यापूर्वी, बाहेर काढावी, कारण तोवर कोळी तिथेच गोळा झालेले असतात. चोविसाव्या दिवशी बाकी फ्रेमवर झाकलेले एकही घर उरलेले नाही, हे प्रत्येक फ्रेम पाहून तपासावे. मग एक लिटर साखरपाण्यात, म्हणजे साखर आणि पाणी समप्रमाणात घेतलेल्या पाकात, ३५ ग्रॅम शुद्ध ऑक्झॅलिक आम्ल विरघळवून सिरिंजने प्रत्येक दोन फ्रेममधील माश्यांच्या फटीत ५ मिलिलिटर ओतावे, संपूर्ण पेटीला ५० मिलिलिटरपेक्षा अधिक नाही. हातमोजे आणि चष्मा लावावा, मधकोठी (मध साठवायचा वरचा कप्पा) वर असताना हे करू नये आणि त्याच माश्यांना पुन्हा देऊ नये. त्याच संध्याकाळी राणी सोडावी. पिंजऱ्यातील राण्यांपैकी एखादी दगावते, हे धरून चालावे. पहिल्या वर्षी सगळ्या वीस पेट्यांवर एकदम प्रयोग करू नये.

फॉर्मिक आम्ल झाकणाच्या आत शिरते म्हणून अनेक जण त्याची शिफारस करतात, आणि थंड हवेत ती योग्यही आहे. पण साधारण ३० अंशांच्या वर तापमान गेले की त्याची वाफ एकदम सुटते. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका पुस्तिकेतले युरोपचे प्रमाण एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात १८ पेट्यांना दिले. दुपारी ३९ अंश तापमान होते. चार वाजता दारांवर दाढीसारख्या लटकलेल्या माश्या पाहून मी धावत झाकणे उघडली, पण पाच पेट्यांतील राण्या तोवर गेल्या होत्या. चूक पुस्तिकेची नव्हती. ती थंड देशातल्या मधपाळांसाठी लिहिलेली होती, आणि मी आकडा वाचला, तापमानाची ओळ वाचली नाही.

पुढच्या वर्षासाठी दोन गोष्टी सुचवतो. मोहरीवरून परतल्यावर त्याच आठवड्यात मोजणी करावी. तिथे हजारो पेट्या शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात, आणि कोणाची पेटी कोळ्याने कोसळली की तिच्यातील मध लुटायला गेलेल्या आपल्या माश्या मधाबरोबर कोळीही घेऊन येतात. त्यामुळे आपण कितीही स्वच्छ पेट्या नेल्या तरी परततानाचा आकडा वेगळाच असतो. दुसरे असे की, फेब्रुवारी-मार्चमध्ये भरपूर नर असताना विभाजन करावे: जुनी राणी दोन-तीन फ्रेमसह दुसऱ्या पेटीत हलवावी आणि मूळ पेटीला नवी राणी तयार करू द्यावी. नवी राणी निघून, फलित होऊन अंडी घालेपर्यंत साधारण तीन आठवडे जातात, आणि तेवढ्यात जुनी अंडी-अळ्या माश्या होऊन बाहेर पडतात. म्हणजे वसाहतही वाढते आणि अळ्यांचा खंडही फुकट मिळतो. नरांसाठी मेणपत्र्याशिवाय (पोळ्याचा पाया म्हणून लावायच्या मेणाच्या पातळ पत्र्याशिवाय) फ्रेम देऊन ती झाकली गेल्यावर कापून टाकण्याची पद्धतही चांगली आहे, पण ती ज्याला कॅलेंडर पाळता येते त्याच्यासाठी. चोविसाव्या दिवसानंतर आठवण झाली, तर आपण कोळ्यांसाठी पाळणाघर चालवले असे होते.

पेट्यांतील त्या जुन्या पट्ट्या मोजणीच्या आधीच काढाव्यात. त्यांना चिकटलेले मेण खरवडून वितळवण्याच्या भांड्यात टाकू नये, कारण फ्लुव्हॅलिनेट मेणात विरघळते आणि मेणपत्र्याबरोबर पुन्हा पेटीत येते. पट्ट्या घट्ट पिशवीत बांधून गुरांपासून आणि पाण्यापासून दूर ठेवाव्यात, आणि त्या चुलत्यांच्या पेट्यांजवळ तर मुळीच ठेवू नयेत.